आधी कॉलेज की आधी ब्रँच?

१९८३ च्या आधी ‘इंजिनिअरिंगला कुठे घालायचं?’ असं कुणी विचारत नसे, ‘मिळेल का?’ एवढंच विचारत. पुणे, माटुंगा, अंधेरी, सांगली, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी मोजकीच कॉलेजं. त्यातलं पुण्याचं सर्वांत जुनं, १८५४ चं. विश्वेश्वरय्या तिथूनच शिकले आणि १८८४ ला नाशिकला सरकारी बांधकाम खात्यात लागले. माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत इंजिनिअर म्हणजे पीडब्ल्यूडी, असंच गणित होतं.

मग १९८३ ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि बघता बघता पुणे, कोल्हापूर, थेट इस्लामपूरजवळच्या साखराळ्यापर्यंत पाट्या लागल्या. देणग्यांचा बाजारही भरला. १९८७ ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला तो काही उगाच नव्हे. तरी दादांना बोल लावणाऱ्यांतला मी नाही. तोवर आमच्याकडची पोरं कर्नाटकात जाऊन पैसे भरतच होती की!

सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर निम्म्या जागा कमी फीच्या ‘फ्री’, निम्म्या जास्त फीच्या ‘पेमेंट’ झाल्या. तेव्हा मी मास्तरकी करत होतो, प्रवेशफेरीच्या टेबलावर बसायचो. मेरिट नंबर पुकारला की बाप-लेक पुढे यायचे, बापाच्या खिशात घडी न मोडलेला डीडी. समोर फळ्यावर शिल्लक जागा. एक गेली की आकडा पुसून नवा लिहायचा. पोराची नजर कॉम्प्युटरच्या रकान्यावर, बापाची फीवर. मागे पुढचा नंबर पुकारलेला, म्हणजे चार वर्षांचा फैसला दोन मिनिटांत. एका बापाने घराजवळची मेकॅनिकलची फ्री सीट सोडली, लांबच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची पेमेंट घेतली आणि सही करता करता मला विचारलं, “ह्यात नोकऱ्या असतात ना, सर?” मी मेकॅनिकलचा माणूस. काय सांगणार?

विद्यापीठ मात्र कुणी निवडत नव्हतं. बारावी जिथे झाली ते ‘होम’, बाकी सगळी ‘अदर’. इस्लामपूरच्या मुलाला शिवाजी विद्यापीठ घरचं, पुणे परकं. आणि परक्यांना जागा कमी. पदवीवर विद्यापीठाचं नाव असे, पण मुलाखतीत विचारत ते कॉलेजचं.

पुढे कॉलेजं स्वायत्त झाली, अभ्यासक्रम ज्याचा त्याचा झाला, आणि २०२२ ला पुण्याचं ते जुनं कॉलेज स्वतःच विद्यापीठ झालं. आता खरं तर विद्यापीठं पारखून घ्यायची सोय आहे. आमची नात मात्र कटऑफच्या यादीत कॉम्प्युटरचीच ओळ तेवढी वाचते.