उद्गारचिन्हाची कुळकथा

१९७९ साली अमेरिकेत टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्याची कल्पना मांडली, तेव्हा कुणी काय वाचावे याची फिकीर कुणाला नव्हती. फिकीर होती फोनच्या बिलाची. संगणक एकमेकांना फोन लावून मजकूर पुढे ढकलत. ज्याला जो गट नको त्याने तो घेऊ नये, इतका सरळ व्यवहार.

आपल्याकडे हेच गणित फार झोंबले असते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट खुले केले ते मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. महाड-पोलादपूरहून जोडायचे म्हणजे मुंबईला एसटीडी, आणि वाचायचे ते घड्याळाकडे बघत. 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' या गटावर बहुतेक रोमन लिपीतल्या मराठीत चाललेल्या गप्पा रात्रीच्या पाव दरात एकदम उतरवून घ्यायच्या आणि दिवसा फोन न लावता निवांत वाचायच्या, यासाठी लीफनोडसारखा साठवणीचा सर्व्हर अगदी चपखल. त्याची खुबी अशी की जो गट कुणी उघडेल तोच तो मागवतो. वाचणे थांबले की काही दिवसांनी मागवणेही थांबते. नियम वाचणाऱ्यानेच घातला, त्याला पत्ताही नाही!

पण सर्व्हर दहाजणांचा झाला की कुणी कोणता गट पाहावा हे ठरवणारा राखणदार येतोच. रिच सॉल्झ यांनी १९८६ साली 'वाइल्डमॅट' नावाची नमुना जुळवण्याची छोटी आज्ञावली लिहिली होती; तिच्यातूनच वाचकांना गटांची परवानगी देण्याची भाषा घडली. नमुना पाहा:

*,!आल्ट.*,आल्ट.फोकलोर.*

तारा म्हणजे सगळे, उद्गारचिन्ह म्हणजे नको. सगळे द्या, 'आल्ट'ने सुरू होणारे गट वगळा, पण त्यातले लोककथांचे गट चालतील. शेवटी जे जुळेल ते खरे. शेवटच्या दोन तुकड्यांची अदलाबदल केली की लोककथाही बाहेर. मग वाचक तक्रार करतो आणि व्यवस्थापक उगाच तारा-जोडणी तपासत बसतो.

असाच साठवणीचा एक सर्व्हर, एनएनटीपीकॅश, लिहिणाऱ्यांत ज्युलियन असांज होता. जगाची गुपिते उघडी करणारा हा गृहस्थ त्याआधी कुणाला कोणता गट दिसावा याची सोय करत होता, हे मला तरी भारी गमतीचे वाटते.

२००६ साली एनएनटीपीचे, म्हणजे यूझनेटचा मजकूर पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा उजवीकडून पहिली, म्हणजेच शेवटची, जुळणी धरायची ही रीतही त्यात रीतसर नोंदली गेली.