कळलावी : नावात औषध, नावातच इशारा

पावसाळ्यात परभणीच्या आसपासच्या माळावर, काटेरी कुंपणावर चढलेली एक वेल दिसू शकते. पानांची टोके वळवून ती आधार धरते. फुलांच्या पाकळ्या पिवळ्या-लाल, ज्वाळांसारख्या. हीच कळलावी. ती आफ्रिकेतही रानात वाढते; झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे. दोन्हीकडे तिचा कंद औषध म्हणून वापरला गेला.

तिचा इतिहास नावांतच सापडतो. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात 'लांगली'. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप पोटावर लावत, म्हणून 'कळलावी'. 'गर्भपातिनी' हे नाव तर उघडच बोलते. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथाने तिची गणना उपविषांत केली. धोका वैद्यांना ठाऊक होता. पण त्यामागचे द्रव्य कोणते?

उत्तराचा पहिला धागा युरोपात मिळाला. तेथे सांधे सुजवणाऱ्या गाउट या विकारावर कोल्चिकम नावाच्या वनस्पतीचा कंद देत. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून एक अल्कलॉइड वेगळे केले. त्यालाच पुढे कोल्चिसिन म्हणू लागले. १९१५ मध्ये कळलावीच्या कंदातही तेच कोल्चिसिन असल्याचे सिद्ध झाले.

पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे ओढून नेणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. कोल्चिसिन ते तयारच होऊ देत नाही. १९३७ मध्ये वनस्पतींतील गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी याच गुणाचा उपयोग झाला. माणसाच्या पोटात गेल्यावर मात्र झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांवर, पहिला घाला पडतो. काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे अवयव निकामी होऊ शकतात. वाचलेल्यांचे केस काही दिवसांनी गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

मग गाउटवर कोल्चिसिनची गोळी आजही कशी देतात? गोळीत ते मोजून घातलेले असते, साधारण अर्धा मिलिग्रॅम. कंदात किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक कंदात ते वेगळे असते. औषध आणि विष यांतले अंतर येथे केवळ मात्रेचे आहे.

सहलीत ही वेल मुलांना जरूर दाखवा, पण कंद उकरू देऊ नका. कोणी खाल्लाच, तर लक्षणांची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या आणि कंदाचा तुकडा बरोबर घ्या.