अँडीजचें निळें केशर

चिली देशाच्या सांतियागो या राजधानीच्या पाठीशीं अँडीज पर्वताची प्रचंड भिंत उभी आहे. तेथील उंचावरच्या खडकाळ कुरणांत, वसंतारंभीं बर्फ वितळूं लागलें म्हणजे, वीतभरहि उंची नसलेलें एक गर्द निळें फूल जमिनींतून डोकें वर काढतें. त्याचें शास्त्रीय नांव टेकोफिलिया सायनोक्रोकस. यांतील उत्तरपदाचा अर्थ 'निळें केशर' असा आहे. केशराच्या कुळाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. फुलाचें रूप आणि तंतुमय सालींत गुंडाळलेला लहानसा कंद एवढ्याच साम्यावरून हें नांव पडलें. निळ्या रंगाविषयीं म्हणाल, तर गोकर्णीशिवाय दुसरी उपमा आम्हांस सुचत नाहीं, आणि तीहि अपुरीच आहे.

पूर्वपदाचा इतिहास अधिक हृद्य आहे. इटलींतील तुरीन शहरीं लुईजी कोला नांवाचे एक वकील होते. वकिली हा त्यांचा धंदा, परंतु जीव सारा वनस्पतींत. त्यांच्या बागेंतील झाडांचीं चित्रें त्यांची कन्या टेकोफिला बिलोत्ती काढीत असे. बर्तेरो नांवाचा एक इटालियन वैद्य त्याच सुमारास चिलींत हिंडून तेथील वनस्पती गोळा करीत होता. त्यानें धाडलेल्या नमुन्यांवर कोलांनीं शास्त्रीय लेखन केलें. पुढें १८३१ मध्यें ताहिती बेटाहून निघालेल्या जहाजासह बर्तेरो समुद्रांत नाहींसा झाला. त्यानें योजिलेलें टेकोफिलिया हें प्रजातीचें नांव कोलांनीं १८३६ मध्यें प्रसिद्ध केलें. चित्रकर्त्या मुलीचें नांव अशा रीतीनें एका मृत मित्राच्या हातून फुलास मिळालें. या प्रजातींतील निळ्या फुलाचें वर्णन मात्र १८६२ पर्यंत राहून गेलें होतें. तें सांतियागो येथें औषधालय चालविणाऱ्या लायबोल्ट या जर्मन गृहस्थानें केलें.

एवढ्यावर गोष्ट थांबती तर बरें झालें असतें. परंतु हे कंद युरोपांत पोंचले आणि तेथील हौशी मंडळींस त्यांचें वेड लागलें. मागणी वाढली तसे डोंगरांतले कंद खणून परदेशीं रवाना होऊं लागले. जे उरले त्यांवर गुरें चरूं लागलीं. बियांपासून फूल येण्यास तीन-चार वर्षें लागणारी ही वनस्पती या दुहेरी माऱ्यापुढें कशी टिकावी? विसाव्या शतकाच्या मध्यास ती आपल्या जन्मभूमींतून नष्ट झाली असेंच शास्त्रज्ञ मानूं लागले.

या अवधींत तिचा वंश जगला तो इंग्लंड-जर्मनीसारख्या देशांतील कांचगृहांत, आणि पुष्कळदां अगदीं साध्या घरच्या कुंडींत. तिला जगविणें हें मोठेंसें अवघड नाहीं. मात्र तिची झोंप मोडतां कामा नये. शरदाच्या आरंभीं कंद वाळू व बारीक खडी मिसळलेल्या मातींत लावावा, कोंब दिसल्यावर पाणी द्यावें, कडक हिंवापासून जपावें. फेब्रुवारी-मार्चांत फूल येतें. मग पानें पिवळीं पडलीं कीं पाणी हळूहळू तोडून उन्हाळाभर कुंडी कोरडी ठेवावयाची. चिलींत हेंच फूल सप्टेंबर-ऑक्टोबरांत उमलतें; म्हणजे गोलार्ध बदलतांना या चिमुकल्या कंदानें आपलें पंचांगच उलटें केलें! बी हवें असेल तर मऊ कुंचल्यानें एका फुलाचे पराग दुसऱ्यास लावावे लागतात. हें काम अनेक अज्ञात माणसांनीं वर्षानुवर्षें केलें. (मुंबई-पुण्याच्या वाचकांनीं मात्र या भरीस पडूं नये. तिच्या झोंपेच्या वेळींच आमचा पावसाळा येतो, आणि कंद कुजतो. मेक्सिकोहून आलेला निशिगंध आमच्या मातींत रमला, म्हणून सर्वच पाहुणे रमतील असें नाहीं.)

आतां, या हौशी लोकांस रक्षक म्हणावें कीं अपराधी? कुंचला घेऊन एकेक फूल फळविणारा माळी आणि टोपल्या भरभरून कंद खणणारा व्यापारी हे एक नव्हेत, हें उघड आहे. तथापि पहिल्याच्या हौसेवरच दुसऱ्याचा बाजार उभा होता, हेंहि आम्हांस विसरतां येत नाहीं. डोंगरावरून ती गेली आणि घरांत वांचली, या दोन्ही गोष्टी एकाच आवडीच्या पोटीं जन्मल्या.

पुढें २००१ सालीं, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, सांतियागोच्या दक्षिणेस या फुलांचे ताटवे रानांत उमललेले आढळले. बागांतील कंद तोंवर हजारोंनीं झाले होते. मग रानांतल्या थोड्या झाडांचें एवढें महत्त्व कशाला, असें कोणी विचारील. बागेंतील रोपें पूर्वीं आणलेल्या थोड्या कंदांची संतति होत, आणि त्यांची निवडहि माणसाच्या डोळ्यानें, रंग पाहून झालेली. त्यांस हिंवाळ्याची धार लागत नाहीं, दुष्काळ सोसावा लागत नाहीं. रानांतील झाडें मात्र बर्फ, उन्हाळा आणि गुरांचे खूर या सर्वांतून तरून राहिलेलीं आहेत. त्यांच्या बियांत जो गुण असेल तो कुंडींत पैदा करतां येणार नाहीं.

हे ताटवे सांपडले ती जमीन खाजगी मालकीची होती. गुरांपासून तें फूल दूर राखणें किंवा न राखणें हें म्हणून प्रथम त्या मालकाच्याच हातीं आलें.