वाढीव बांधकाम आणि घरपट्टी (महाराष्ट्र)

राहत्या घरात भर घातल्यामुळे किंवा त्याचा वापर बदलल्यामुळे मालमत्ता कराची होणारी फेरआकारणी. खर्च किती झाला याला येथे फारसे महत्त्व नाही. फरशी बदलणे, नवा ओटा घालणे, रंगकाम करणे यांवर लाखो रुपये गेले तरी कर सहसा जागच्या जागी राहतो. गच्चीवर एक साधी खोली चढवली की मात्र तो वाढतो. कारण आकारणी क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांवर होते.

अनेक महापालिकांत वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. तेथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 2022 पासून करमाफी असल्याने या मर्यादेजवळच्या घराला थोडी वाढही महाग पडू शकते. ग्रामपंचायतीच्या सूत्रात जमिनीचे मूल्य, बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक धरतात. त्यामुळे मातीचे जुने घर पाडून तेवढ्याच जागेत स्लॅबचे बांधले, तरी वरच्या दराची नोंद लागते आणि वयामुळे मिळणारी घसाऱ्याची सवलतही जाते. पुढच्या खोलीत दुकान काढले, तर एक वीटही न रचता त्या भागाची आकारणी बदलते.

सर्वांत घातक गैरसमज असा, की घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झाले. तसे मुळीच नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ नुसार बेकायदा बांधकामावर कराखेरीज दरवर्षी शास्ती बसते (लहान घरांना पुढे यात सूट मिळाली), आणि ती भरूनही बांधकाम नियमित ठरत नाही. अशा घरांत कष्टकऱ्यांची आयुष्यभराची बचत गुंतलेली असते. म्हणून परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आधी पाहणे फार गरजेचे आहे.

वाढीव आकारणीची नोटीस आल्यावर मुदतीत लेखी हरकत घेता येते. मोजमाप चुकले असेल, तर मंजूर नकाशा सोबत जोडून फेरमोजणी मागावी. पुढे अपील करायचे झाल्यास ही हरकत आधी नोंदवलेली असावी लागते. गावात घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये तपासता येते.