तापमान खरं, प्रयोगशाळा दूर

वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनतात, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. मी शिकलो त्या शाळेत मात्र भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढणं.

यावर सरकारने 2009 पासून ऑनलाइन उपाय शोधला: व्हर्च्युअल लॅब्ज. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने 12 संस्था, त्यात आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी. शाळांसाठी सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठाने ओलॅब्ज केलं, तेही मराठीत. बहुतेक प्रयोग सिम्युलेशनचे. मी कोड लिहितो, म्हणून सांगतो: अशा लंबकात उत्तर आधीच सूत्रातून भरलेलं असतं.

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या गटाने वेगळी वाट धरली. एका छोट्या बोर्डवर हीटर, पंखा आणि तापमानाचा सेन्सर. विद्यार्थी स्लॉट बुक करतो, घरून सायलॅबमधून हुकूम सोडतो आणि पवईत खरोखरची पट्टी तापते. आकडे थरथरतात, कारण पंख्याची हवा खरी आहे.

मला हाच प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. पण एक संच एका वेळी एकालाच मिळतो, सिम्युलेशन हजारांना. पसरलं तेच.

लंबकासाठी मात्र सर्व्हर लागतच नाही. वालचंदनगरात नटबोल्टला काय तोटा! 1 मीटर दोऱ्याला नट बांधा, मोबाइलवर 20 झोके मोजा. साधारण 40 सेकंद यायला हवेत. 38 आले, तर आधी दोरा पुन्हा मोजा, अगदी नटाच्या मध्यापर्यंत.