फिरकीच्या झाकणाची गोष्ट

आज आपण एका साध्या वस्तूचा इतिहास ऐकणार आहोत. ती वस्तू म्हणजे बरणीचं फिरवून लावायचं झाकण.

आधी आपले शब्द पाहू. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधतो, तो दादरा. बाटलीच्या तोंडात दाबून बसवतो, ते बूच. वरून घालतो ते टोपण. आणि बाटलीच्या गळ्यावर गोल चढत जाणाऱ्या रेघा, ते आटे. आटे झिजले की झाकण नुसतंच गरगर फिरतं, घट्ट बसत नाही. प्रत्येक शब्दामागे काम वेगळं आहे. दादरा धूळ आणि मुंग्या अडवतो, हवा अडवत नाही. तरी लोणचं टिकतं, कारण ते मीठ, आंबटपणा आणि तेल टिकवतात. पण ज्या पदार्थात एवढं मीठ किंवा साखर नाही, तो कसा टिकवायचा?

याचं उत्तर फ्रान्समधल्या निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने शोधलं. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट ठोकायचं, ते तारेने बांधायचं आणि बाटली पाण्यात उकळायची. 1810 साली त्याला फ्रान्सच्या सरकारने 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. अन्न सूक्ष्म जंतूंमुळे नासतं, हे लुई पाश्चरने 1860 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं.

पद्धत चांगली, पण घरच्या बाईला बूच ठोकणं, मेण किंवा लाख ओतणं आणि पुन्हा ते फोडून काढणं हा मोठा व्याप होता. तो व्याप अमेरिकेत कमी झाला. न्यूयॉर्कच्या जॉन लँडिस मेसन या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने 30 नोव्हेंबर 1858 रोजी आट्यांच्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे ठरावीक वर्षं ती कल्पना दुसऱ्याने परवानगीशिवाय वापरू नये, असा सरकारी हक्क.

आटे मेसनच्या आधीही होते. त्याची युक्ती वेगळी होती. त्याने काचेवरचे आटे बरणीच्या खांद्यापर्यंत न नेता आधीच संपवले. त्यामुळे जस्ताचं झाकण फिरत फिरत थेट खांद्यावर टेकू लागलं. मध्ये रबराची कडी घातली की तोंड पक्कं बंद. एक अडचण उरली. जस्त अन्नाला लागायचं. 1869 साली लुईस बॉइडने झाकणाच्या आत पांढऱ्या काचेची चकती बसवून ती दूर केली.

पुढे मेसनचं काय झालं? त्याने आपले हक्क दुसऱ्यांना विकले होते. 1879 मध्ये पेटंटची मुदतही संपली. मग अनेक कारखान्यांनी तशाच बरण्या काढल्या आणि काचेवर त्याचं नाव आणि 1858 ची तारीख उठवली. ‘मेसन जार’ हा तिकडे रोजचा शब्द झाला. स्वतः मेसन मात्र 1902 मध्ये गरिबीतच वारला.

1915 साली अलेक्झांडर केर यांनी दोन तुकड्यांचं झाकण आणलं. एक सपाट चकती आणि तिला धरून ठेवणारी आट्यांची कडी. उकळताना आतली हवा बाहेर पडते. बरणी थंड झाली की चकती आत ओढली जाते आणि ‘टक’ असा आवाज येतो. कडी पुन्हा वापरता येते, चकती मात्र एकदाच.

हा ‘एकदाच’ पुढे महागात पडला. 1975 साली अमेरिकेत महागाई होती, म्हणून पुष्कळ लोकांनी परसात भाजीपाला लावला. पीक आलं, घरात बरण्याही होत्या, पण बाजारात चकत्या मिळेनात. तक्रारी इतक्या वाढल्या की तिथल्या संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. एका पातळ चकतीपायी घरोघरचं काम अडलं होतं.

आपल्या जॅमच्या बाटलीला असतं ते लग कॅप. त्याच्या कडेला आत वळलेले दाते असतात आणि ते थोडंसं फिरवलं की बसतं. आतली मऊ कडी हवा अडवते. काही झाकणांच्या मधोमध छोटा फुगवटा असतो. नव्या बाटलीचा फुगवटा वर आलेला दिसला, तर ती घेऊ नका. पण फुगवटा खाली आहे म्हणजे आतला माल चांगलाच, असंही नाही. डाळ, भाजी, मांस असे आंबट नसलेले पदार्थ नुसत्या उकळत्या पाण्यात बाटलीबंद करू नयेत. बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार करणाऱ्या जंतूंची बीजं त्या उष्णतेत मरत नाहीत आणि हवा नसलेल्या बाटलीत ती वाढतात.

तुमचा गट विक्रीसाठी जॅम, सरबत किंवा सॉस करत असेल, तर बाटल्या ठरवण्याआधी झाकणांची चौकशी करा. तोंडाचं माप काय, झाकण आट्यांचं की दात्यांचं, आणि पुढच्या हंगामात तेच झाकण मिळेल का, हे विचारून वहीत लिहून ठेवा. विक्रीच्या मालाला जुनं झाकण लावू नका. बाटली धुऊन, उकळून पुन्हा घेता येते, पण एकदा दबलेली कडी पुन्हा तशी बसेल याचा भरवसा नसतो.