कामांची यादी आणि माणसांची यादी



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने आजच्या विषयावर काय बोलावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. विषय असा आहे : सरकारी यंत्रणा सल्लागारांचं एक पॅनेल आधीच मंजूर करून ठेवते आणि पुढे काम निघेल तसा त्यातल्या एकाला कार्यादेश देते. हा ‘एक’ ठरतो कसा? प्रश्न कचेरीतला वाटतो, पण मुळात तो न्यायाचा आहे. आपल्या नगर जिल्ह्याच्या, आता अहिल्यानगर म्हणू, दीडशे वर्षांच्या इतिहासात तो वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

सुरुवात दुष्काळापासून करू. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ साऱ्या दख्खनने सोसला. त्यानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत एक गोष्ट शहाणपणाची होती. दुष्काळ पडल्यावर कामं शोधत बसायचं नाही. तलाव, बांध, रस्ते यांची यादी चांगल्या वर्षातच तयार ठेवायची. मजुरी तुटपुंजी होती, अटी कठोर होत्या, हे खरंच. पण आधी तयार असायची ती यादी कामांची, माणसांची नव्हे.

१९७२ च्या दुष्काळातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ चा कायदा, अंमल १९७९ पासून. तिथंही तेच तत्त्व : कामांचा आराखडा आधी तयार, ठेकेदाराला मज्जाव, आणि मागेल त्याला काम. मग काय लबाडी नव्हती? होती की! खोटी हजेरीपत्रकं निघत. काम कुठल्या शिवारात काढायचं यात पक्षपात होई. पण ‘तुला काम का, आणि मला का नाही’ हा प्रश्न मजुराला विचारावा लागू नये, अशी त्या कायद्याची रचना होती.

याच काळात दुसरी एक परंपरा शेजारून चालत होती. सार्वजनिक बांधकाम खातं १८५४ मध्ये सुरू झालं. त्याच्या कामांसाठी ठेकेदारांची नोंदणी आली, त्यांचे वर्ग आले. ही यादी माणसांची. आणि माणसांची यादी झाली की वाटणीचा प्रश्न आलाच. महाराष्ट्राने त्यावर एक उत्तर काढलं. जिल्हा पातळीवर काम वाटप समिती नेमली आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांचे वाटे घातले. बराच काळ हिशोब असा होता : ३३ टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३४ टक्के खुल्या नोंदणीकृत ठेकेदारांना. सोडतही काढली जाई. सोडत आंधळी असते म्हणून लोक हसतात. आम्ही म्हणतो, जिथं सगळे सारखे पात्र आहेत तिथं आंधळं असणं हा गुणच आहे.

तिसरं वळण पाणलोटाचं. हनुमंत राव समितीच्या शिफारशींवरून आलेल्या मार्गदर्शक सूचना १ एप्रिल १९९५ पासून लागू झाल्या. साधारण ५०० हेक्टरांचा एकेक प्रकल्प, आणि त्यासाठी निवडलेली एक अंमलबजावणी संस्था. आता ‘संस्था कोणती’ हाच कळीचा प्रश्न झाला. हिवरे बाजारने आदर्श गाव योजनेत त्याचं उत्तर आपल्यापुरतं शोधलं होतं : गावाने स्वतःचीच संस्था उभी केली. काम करणारा आणि त्याचं बरंवाईट भोगणारा एकच. पण प्रत्येक गावाला हे जमत नाही. मग आराखडा करायला, मोजणीला, तपासणीला बाहेरचा सल्लागार येतो, आणि तो पॅनेलवरून येतो.

पॅनेल वाईट नाही. दरवेळी नव्याने निविदा काढायची तर पावसाळा निघून जायचा. पण इथं दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक, हा माणूस योग्य आहे का? दोन, योग्य असलेल्यांपैकी आज हाच का? पॅनेल पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्याचं उत्तर कार्यादेशात असायला हवं. बहुतेक वेळा तिथं एवढंच असतं : ‘पॅनेलवरील सल्लागार असल्याने’. हे उत्तर नव्हे. पॅनेलवर तर सगळेच आहेत!

सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या खटल्यात, रमणा शेट्टी खटला म्हणतात त्यात, हा धागा पकडला. अट होती नोंदणीकृत आणि पाच वर्षं अनुभवी हॉटेलचालकाची. काम मिळालं ते त्या अटीत न बसणाऱ्याला. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की सरकार जी कसोटी जाहीर करतं, तिला ते स्वतःही बांधलेलं असतं. अर्जदाराला मात्र दिलासा मिळाला नाही. तो उशिरा आला होता, आणि तोवर ठेका घेणाऱ्याचा पैसा खर्च झाला होता. म्हणजे तत्त्व जिंकलं, माणूस हरला. निर्णयाची कारणं वेळेवर कळणं का महत्त्वाचं, ते इथं दिसतं.

केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतही सल्लागार निवडताना साधारणपणे किमान तिघांची निवडयादी असावी, आणि थेट एकालाच नेमायचं तर त्याचं पुरेसं समर्थन द्यावं, असं म्हटलं आहे. नियम आहे. प्रश्न ते समर्थन वाचतो कोण, हा आहे.

ते वाचण्याचा हक्क मागण्यात आपलाच जिल्हा पुढे होता. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनामागोमाग महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये आला, केंद्राचा २००५ मध्ये. त्याचं कलम ४ सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत. सल्लागाराने विहिरीची जागा चुकवली तर हंडा घेऊन लांब कोण जातं? बाधित म्हणजे तीही.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. ग्रामपंचायत असो वा जिल्हा परिषद, पॅनेलच्या यादीशेजारी दुसरी यादी लावा : कुणाला किती कामं दिली, कधी दिली, आणि कुठल्या कारणाने. एका कागदावर मावेल. पुढच्या ग्रामसभेत हा कागद मागा.